शेवटची अंघोळ

निवृत्त झाल्यावर घरी बसून राहायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. सिकंदराबादच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून माझी सगळी नोकरी झाली. नल्लकुंट्याच्या घरात मी एकटी, मुलगा पुण्याला. तेवढ्यात गौलीगुड्याच्या बाजूला सरकारी खर्चाने चालणारं एक प्रशिक्षण केंद्र उघडलं आणि तिथे रुग्णांची शुश्रूषा शिकवायला कुणीतरी अनुभवी नर्स हवी आहे, असं कानावर आलं. मी जाऊन भेटले आणि दुसऱ्याच आठवड्यात शिकवायला लागले.

केंद्र म्हणजे कापडाच्या दुकानावरचा मजला. एका खोलीत शिलाईचा वर्ग, दुसऱ्या खोलीत आमचा. आमच्याकडे एक लोखंडी खाट, एक रक्तदाब मोजायचं यंत्र आणि प्लास्टिकचा एक पुतळा होता. त्याचा पाय कुशीवर वळवताना हमखास निखळायचा आणि मुली हसून हसून बेजार व्हायच्या. मुली म्हणजे आसपासच्या वस्त्यांमधल्या. कुणी दहावी नापास, कुणी दोन लेकरांची आई. मी घरात मराठी बोलणारी, पण जन्म इथलाच, त्यामुळे तेलुगू आणि दखनी तोंडात बसलेली. ज्या मुलीला जी भाषा कळेल, त्या भाषेत शिकवायचे.

त्यांच्यातली एक तिशीच्या आसपासची होती. नवरा सोडून गेलेला, ती आईजवळ राहायची. आई महानगरपालिकेच्या झाडूकामावर. मुलीने दोन-तीन घरी स्वयंपाकाचं काम धरून पाहिलं होतं. हाताला चव होती, कामही सगळ्यांना आवडायचं. मग कुणीतरी विचारायचं, राहतेस कुठे? वस्तीचं नाव सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून काम बंद.

मी नाडी बघायला शिकवली त्या दिवशी दोघी-दोघींच्या जोड्या केल्या होत्या. सगळ्या एकमेकींची मनगटं धरून मान हलवत मोजत होत्या. ही मात्र हात मांडीवर ठेवून बसलेली. मी जवळ गेले तर खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, मेरेकू हात लगाने देंगे क्या लोगां?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी शेजारी बसले आणि माझाच हात तिच्यापुढे धरला. "माझी बघ आधी." तिने ओढणीला बोटं पुसली, मनगट चाचपलं, बराच वेळ तिला काही सापडेना. मग एकदम तिचा चेहरा उजळला. "चल रही है, मॅडम!" इतकी हसली, जणू माझी नाडी चालू असणं ही तिचीच कमाई होती.

शिकताना ती मन लावून शिकली. सांगितलेलं काम करण्याआधी ती त्या पुतळ्यालासुद्धा सांगायची, आता मी तुम्हाला वळवते हं, आता पाठ पुसते. बाकीच्या मुली चेष्टा करायच्या, पण तिने सवय सोडली नाही. एकदा तिची आई कामावरून परस्पर आली आणि खाली रस्त्यावरच उभी राहिली. मी वर बोलावलं तर झाडू दाखवत म्हणाली, "ये लेको उपर कैसे आऊँ?" मग माझ्याकडे बघत म्हणाली, "मेरी बच्ची नर्स बन गई ना?" मी समजावलं, नर्स नाही, मदतनीस. "वहीच तो," म्हणाली. त्या फरकाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. मुलीच्या हातात झाडू येणार नाही, एवढंच तिला ऐकायचं होतं.

प्रशिक्षण संपल्यावर केंद्राने तिला एका खासगी नर्सिंग होममध्ये लावून दिलं. थोड्याच दिवसांत ती माझ्या दारात हजर. पहिल्या दिवशी तिथल्या सुपरवायझरने पत्ता विचारला, आई काय करते विचारलं, आणि तिला संडास-बाथरूमकडे पाठवलं. रोज तेच. वॉर्डात पाऊल टाकू दिलं नाही. मी चिडून केंद्राच्या व्यवस्थापकाकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ती कामाला लागली की नाही? लागली. आपलं काम तेवढंच." नर्सिंग होममध्येही गेले. सुपरवायझरने बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि हसून सांगितलं की साफसफाईला माणूस मिळत नाही, हिला घरचीच सवय आहे. तो चहा मी प्यायले नाही. बाकी काहीच करता आलं नाही.

मग बरकतपुऱ्यातलं एक काम निघालं. माझ्या थोरल्या भावाचे गणिताचे मास्तर तिथे राहायचे. मराठी शाळेत शिकवणारे, आमच्यासारखेच जुन्या निजामी मुलखातले. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. डावी बाजू गेलेली, बोलणं तुटक. मुलगा-सून दोघं दिवसभर नोकरीवर. मुलाने मला फोन केला, "मावशी, कुणी खात्रीचं आहे का?" मी म्हटलं आहे, आणि तिला घेऊन गेले. आई काय काम करते हेही मी तिथेच सांगून टाकलं, मागाहून कळून तिला निघावं लागू नये म्हणून. मुलगा म्हणाला, "आम्ही असलं काही मानत नाही." सून आत निघून गेली.

मास्तरांचं आणि तिचं जमलं. त्यांचं बोलणं घरच्यांनाही कळत नसे. ते शब्द अर्धे गिळायचे, मग चिडून उजवा हात आपटायचे. ती न कंटाळता विचारत राहायची, पाणी? खिडकी? पाठ? करता करता तिच्या तोंडात मराठी बसली. मी भेटायला गेले की ती माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलायची, "आज मास्तर लई रागात हाय." मास्तर तिच्याकडे बघून तोंडाच्या एका बाजूने हसायचे. ते तिला पोरी म्हणायचे. तो एक शब्द त्यांना स्पष्ट म्हणता यायचा.

त्या घरात तिच्या चहाचा पेला वेगळा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथा घातलेला असायचा. ती तो स्वतः विसळून परत तिथेच ठेवायची. पण एक दिवस मी तिथे असताना सूनबाईंनी मास्तरांसाठी कपात चहा आणला, तर त्यांनी तोंड फिरवलं. उजव्या हाताने खिडकीतल्या त्या पेल्याकडे बोट दाखवत राहिले. सून म्हणाली, "बाबा, तो तिचा आहे." त्यांनी मान हलवली, हो, तोच. शेवटी सुनेने नाइलाजाने त्यांचा चहा त्या पेल्यात ओतला आणि मास्तर तो घोट घोट करत पूर्ण प्यायले. मला वाटलं, आता घरातला हा भेद मोडला. पुढच्या वेळी गेले तेव्हा खिडकीत पेला नव्हता. तिला कागदी कपात चहा मिळायला लागला होता.

तरी ती तिथे आनंदात होती, हे मला सांगितलंच पाहिजे. रोज सकाळी ऊन अंगणात आलं की ती त्यांना चाकाच्या खुर्चीत बाहेर आणायची, कोमट पाण्याने अंघोळ घालायची, आखडलेल्या हाताची एकेक बोट उलगडून पुसायची. तिच्या आईने मला एकदा रस्त्यात गाठून सांगितलं, पोरगी घरी आल्यावर मास्तरांच्याच गोष्टी सांगते.

मास्तर गेले ते दुपारी. ती एकटीच होती जवळ. तिने मुलाला फोन केला, मग मला. मी पोचेपर्यंत तिने त्यांचे डोळे मिटले होते, हनुवटीखाली रुमाल बांधला होता, आणि ती पायाशी जमिनीवर बसली होती. रडत नव्हती. "झोपल्यासारखे गेले, मॅडम," एवढंच म्हणाली.

संध्याकाळपर्यंत नातेवाईक जमले. अंगणात अंघोळीची तयारी झाली. ती उठली आणि रोजच्या सवयीने बादलीत पाणी काढायला गेली. पाण्यात हात घालून किती गरम आहे ते बघत होती, तेवढ्यात मास्तरांच्या बहिणीने तिच्या हातातून तांब्या घेतला. "आता तू नको. आता घरची माणसं करतील. तू फाटकापाशी थांब." आवाज चढवला नव्हता. आणि ते पाणी बहिणीने मोरीत ओतून दिलं, नव्याने भरलं.

मी मुलाला बाजूला घेतलं. "अरे, इतके दिवस तिनेच घातली ना त्यांना अंघोळ? आज घालू दे." तो रडून थकला होता. म्हणाला, "मावशी, माझं काही नाही हो. पण एवढी माणसं जमलीत." मी त्याच्या आत्याबाईंकडे, म्हणजे मास्तरांच्या त्या बहिणीकडे गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अंगणात भटजींनी घाई चालवली होती.

पुरुषांनी मास्तरांना पाटावर घेतलं. तो डावा हात छातीशी आखडलेला होता, तो सरळ करायला दोघांनी मनगट धरून ओढलं. फाटकातून तिचा आवाज आला, मराठीत, "असं ओढू नका, दुखंल त्यांना!"

सगळे वळून बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "आता काय दुखणार?" ती पदर तोंडावर घेऊन खाली बसली. मग रडली. मी जाऊन तिच्याशेजारी पायरीवर बसले. अंघोळ झाली, हार घातले, तिरडी उचलली. तिरडी फाटकातून नेताना लोक म्हणाले, बाजूला व्हा. ती भिंतीला इतकी चिकटून उभी राहिली की कुणाला तिचा धक्काही लागला नाही.

पुढे मी तिला आणखी एक-दोन ठिकाणं सुचवली. बघते म्हणायची, जायची नाही. आणि मग एक दिवस पहाटे रस्ता झाडत असताना एका भरधाव गाडीने तिच्या आईला उडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. महानगरपालिकेने आईच्या जागी मुलीला घ्यायचं कबूल केलं. वस्तीत सगळे तिला नशीबवान म्हणायला लागले. पक्की नोकरी.

मी तिच्या घरी गेले. आईच्या फोटोला हार होता. मी म्हटलं, "हे घेऊ नकोस. माझ्या ओळखीचा एक दवाखाना आहे, तिथे चांगली माणसं आहेत, मी स्वतः बोलते. तुझ्या आईला काय हवं होतं, तुला माहीत आहे."

"माहीत आहे, मॅडम." ती चुलीपाशी सरकून बसली. मग म्हणाली, "झाडू हातात असला की कुणी विचारत नाही, कुठे राहतेस. मला आता कुणाचा लळा लावून घ्यायचा नाही."

मी आणखी बोलणार होते, पण तिने चहा ठेवला, आणि आम्ही दोघींनी तो घेतला.

केंद्र पुढे बंद पडलं. निधी आला नाही म्हणाले. शिलाईची मशिनं एका ट्रकमधून गेली, खाट कुठे गेली माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिची बदली आमच्या नल्लकुंट्याच्या भागात झाली. मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी दूध आणायला निघाले तर गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जॅकेट घातलेल्या दोघी-तिघी बायका झाडत होत्या. डोक्याला, तोंडाला फडकी गुंडाळलेली. धूळ खूप उडत होती. मी नाकाला पदर लावून पुढे आले, तशी त्यांतल्या एकीने झाडू थांबवला, माणूस जाईपर्यंत थांबवतात तसा. मी तिच्या डोळ्यांवरून ओळखलं.

"कशी आहेस?"

"बरी आहे, मॅडम. तुम्ही?"

"घरी ये, चहा घेऊन जा. तिसरं फाटक."

"ही गल्ली उरकायची आहे." तिने बरोबरच्या बायकांकडे पाहिलं. "साहेब येईल."

मी उभी होते, तोवर तीही झाडू धरून उभी होती. मागून एक स्कूटर आली, दुसऱ्या बायकांनीही झाडू थांबवले. सगळं काम माझ्यामुळे खोळंबलं होतं. मी दुधाच्या दुकानाकडे चालू लागले, आणि माझ्या मागे झाडूंचा आवाज पुन्हा सुरू झाला.