करदोट्याला बांधलेली किल्ली

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, लोहारा तालुक्यातल्या एका गूळ पावडरच्या कारखान्यात फिटर आहेत. धरणाच्या पाण्यावर वाढलेला ऊस तिथं ट्रॉल्यांतून येतो आणि गव्हाणीत पडतो. गव्हाण म्हणजे लोखंडी, लांब हौद. तिच्या तळाशी फिरणारी साखळी ऊस चरकाकडं ओढून नेते. एखादी मोळी आडवी पडली की साखळी अडते. मग कुणाला तरी आत उतरून कोयत्यानं गुंता सोडवावा लागतो. हे काम दाजींचं.

त्यांच्या आधीचा फिटर हेच काम करत असताना साखळी चालू झाली. त्याचा एक पाय गुडघ्यापासून गेला. मोटरचं पॅनेल भिंतीपलीकडं आहे. तिथं बसलेल्याला गव्हाणीतला माणूस दिसत नाही. मुकादमानं "लाव" म्हटलं आणि पॅनेलवाल्यानं लावलं. चौकशीत दोघांनीही खरं तेच सांगितलं.

त्याच्या जागी दाजी आले. हंगाम सुरू होण्याआधी, खंडेनवमीला, आक्कानं मला बोलावून घेतलं.

"पेपरात लोकांच्या भानगडी शोधतूस," ती म्हणाली. "जरा घरचं बी बघ. ह्यांचा पाय जायच्या आधी बघ."

कारखान्याच्या दारातच नवा फलक होता. त्यावर बारा नियम होते. चौथा असा : 'यंत्र बंद केल्याशिवाय गव्हाणीत उतरू नये.' टेबलावरच्या वहीत सगळ्यांच्या सह्या होत्या, तीन अंगठेही होते. शेजारच्या फळ्यावर 'अपघाताविना दिवस' आणि खडूनं लिहिलेला आकडा. दाजींच्या मनगटाला मात्र पट्टी होती.

"हे कधी झालं?"

"सोमवारी. पत्रा लागला."

"फळ्यावर तर आकडा चालूच आहे."

"आकडा पुसला की महिन्याचे पेढे बंद. मग सगळे मलाच शिव्या घालणार. कोण सांगतंय?"

मी ते टिपून घेतलं. पण त्या दिवशी माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीनं वेधलं. यंत्रांची पूजा झाली होती. पॅनेलच्या हँडलला झेंडूचा हार होता, खाली नारळ फोडलेला. मालक आले आणि म्हणाले, मोटर जरा फिरवून बघू. पॅनेलवाला उमरग्याकडचा, घरी कानडी बोलणारा, पन्नाशीचा गृहस्थ. तो उठलाही नाही.

"आज न्हाय, मालक. उद्या हार उतरवतो, मग लावतो."

मालक "बरं" म्हणाले आणि निघून गेले.

हा नियम कुठल्या फलकावर नव्हता. त्याखाली कुणाची सही नव्हती. तरी मालकानं सांगूनही तो मोडला नाही. मी पॅनेलवाल्याला विचारलं, चौथा नियम असा का पाळला जात नाही?

"त्यो कागदाचा हाय. ह्यो देवाचा."

"मग म्या आत उतरताना माझ्याच गळ्यात हार घाला," दाजी म्हणाले.

"तुमच्या गळ्यात घालून काय उपेग? मला इथनं तुमचा गळा दिसतोय व्हय?"

हंगाम सुरू झाल्यावर त्यांनी खरोखर हा प्रयोग केला. दाजी गव्हाणीत उतरण्याआधी पॅनेलच्या हँडलला हार अडकवायचे, वर आल्यावर काढायचे. दहा-बारा दिवस ते नीट चाललं. मग एकदा घाईत हार काढायचा राहिला. तो तिथंच सुकला आणि दाजी आत असोत वा बाहेर, हँडलला लटकत राहिला. पॅनेलवाला हाराखालून हात घालून हँडल फिरवू लागला. दाजींनी फोनवर हे हसत हसत सांगितलं. मागून आक्काचं हसणं ऐकू आलं नाही.

मी पुन्हा गेलो. एकच हार एका दिवशी मालकालाही थांबवतो आणि पंधरवड्यात शोभेचा होतो, हे मला कळत नव्हतं. मी पॅनेलवाल्यालाच विचारलं.

"खंडेनवमीचा हार म्याच घालतो, म्याच उतरवतो. दुसऱ्याचा हात लागत न्हाय त्याला. ह्या हाराला कोण बी हात लावतंय."

बोलता बोलता मला हँडलच्या कडेला एक गोल भोक दिसलं. ते कशासाठी, मी विचारलं.

"पहिल्यापासून हाय. आमी त्यात उदबत्ती खोचतो."

भोक कुलपाच्या कडीएवढं होतं. बनवणाऱ्यानं ते कुलपासाठीच ठेवलं होतं; बंद हँडलला कुलूप घातलं की ते फिरतच नाही. इथं तसं कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

घरी येऊन मी हे सांगितलं. आक्का उठली, दाराचं कुलूप काढून आणलं आणि दाजींपुढं ठेवलं.

"आन् घराला?" दाजींनी विचारलं.

"घरात चोरण्यासारखं काय हाय?"

दाजींनी किल्ली करदोट्याला बांधली. शर्ट कामावर काढून ठेवावा लागतो, म्हणाले. करदोटा काढून ठेवत नाहीत.

जानेवारीत मी आक्काकडं असताना दुपारी दारात मोटरसायकल थांबली. एक ट्रॅक्टरवाला होता. आक्का भाकरी थापत होती.

"वहिनी, फिटरनी दुसरी किल्ली मागितलीया."

"त्यांच्या कमरंला हाय की एक."

"ती सापडंना झालीया."

"कमरंला बांधलेली किल्ली सापडंना? माणूस तरी सापडला का?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "खरं सांगू का वहिनी, मुकादम लई तापलाय. गव्हाण बंद हाय. ट्रॅक्टरची लाइन पार डांबरीपातूर गेलीया. माझा दुसरा नंबर हाय."

"मुकादमाला सांगा, किल्ली हाय, पण देत न्हाय. पायजेलच असंल तर पहिली किल्ली जिथं हाय तिथं जावा म्हणावं."

तो गेला. आक्काचा हात परातीतच थांबला होता. तव्यावरची भाकरी करपली. मी त्याच्या मागोमाग निघालो.

पोचलो तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढचं मी तिघांना वेगवेगळं विचारून जुळवलं आहे. मुकादमानं आधी पॅनेलवाल्याला "लाव" म्हणून फर्मावलं. पॅनेलवाल्यानं कुलपाकडं बोट दाखवलं, तेव्हा त्यानं दाजींचं नाव सांगून ट्रॅक्टरवाल्याला घरी पिटाळलं. मुकादम तिथं सात हंगाम काढलेला माणूस. साखळी थांबली की पॅनेलपाशी उभं राहूनच ओरडायची त्याची सवय. मोटरसायकल रिकामी परतल्यावर किल्ली मागायला त्याला स्वतःला गव्हाणीपर्यंत चालत जावं लागलं. काठावरून त्यानं खाली पाहिलं. दाजी साखळीवर पालथे पडले होते आणि त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत उसात होता.

मुकादमानं किल्ली मागितली नाही. तो काठावर उकिडवा बसला. खाली वाकून म्हणाला, "डावीकडनं वढा. डावीकडं सैल हाय."

गुंता सुटला. दाजी वर आले, अंगावरची चिपाडं झटकली, चालत पॅनेलपाशी गेले आणि कुलूप काढलं.

दिवे लागायच्या सुमारास ते घरी आले. फळ्यावरचा आकडा त्या दिवशीही एकानं वाढला होता, कोपराला नवं खरचटलं असूनही. आक्कानं पिठाच्या डब्याखालून दुसरी किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"ही बी बांधा."

"दोन कशाला?"

"माझ्यापाशी असली की लोक मागायला येत्यात. एखाद दिवशी भाकरीच्या नादात देऊन बसंन म्या."

दाजींनी तीही करदोट्याला बांधली. आता ते चालताना दोन किल्ल्यांचा बारीक आवाज येतो. कुलूप नसलेल्या दाराआड बसलेल्या आक्काला तो अंगणातूनच ऐकू येतो.