काळ्या गाडीला मऊ लागतं

पांढऱ्या गाडीचे किस्से होत नाहीत. ती येते, धुतली जाते, निघून जाते, पुढे कोणाला आठवतसुद्धा नाही. काळ्या गाडीचं तसं नाही. तिच्यावर धूळ दिसते, सुकलेला थेंब दिसतो, फडकं जरा वाकडं फिरलं तर तेही दिसतं. मग गिऱ्हाईक ओरडतं, शेठ ओरडतो आणि संध्याकाळच्या चहाला एक किस्सा तयार! आमच्याकडे असे बरेच साठलेत. लोक म्हणतात, हसण्यासारखा सांग. आता आमच्यात हसण्यासारखे कमीच घडले, त्याला मी काय करू?

आमची शेड होती सुरतेत, उधन्याहून पांडेसऱ्याला जाताना, रस्त्याला लागूनच. वर पत्रा, बाजूला पाण्याची टाकी, आणि बोर्डावर मोठ्या अक्षरात ‘कार पॉलिश’. मालक धनसुखभाई. मी मूळचा भुसावळचा, वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे सुरतला आलेला. आणि खरा कारागीर म्हणजे सुकलाल आप्पा, दोंडाईच्याकडचे. आधी लूमवर होते, तिथे उजव्या हाताची करंगळी अर्धी गेली, म्हणून इकडे आले. काळ्या गाडीला शेडमध्ये फक्त आप्पांनीच हात लावायचा, हा धनसुखभाईंचा नियम. पांढरी, निळी, लाल बाकी कोणीही करा!

या नियमानंच आप्पांचा घात केला. गावाकडे त्यांची म्हातारी आई एकटी. आप्पांनी सुट्टी मागितली की दारात काळी गाडी उभीच. धनसुखभाई म्हणायचे, “आ काळी पते पछी जा ने, भाई!” ही काळी संपली की जा. पण एक संपायच्या आत दुसरी यायची.

*

एक साडीवाले शेठ होते. नवी कोरी काळी कॉन्टेसा घेतली. चार महिन्यांत ती आमच्याकडे आली, तेव्हा उन्हात उभी केल्यावर बॉनेटभर बारीक गोल ओरखडे. आप्पांनी विचारलं, रोज कशानं पुसता?

शेठनी अभिमानानं डिकी उघडली. आत चमचमणाऱ्या कटपीसचा ढीग. “आ तो मारी मिलनो माल छे! बहारनुं कापड शा माटे लेवुं?” घरच्या मिलचा माल असताना बाहेरचं कापड कशाला घ्यायचं!

सगळं पॉलिएस्टर! रोज सकाळी ड्रायव्हर घरच्या मालानं घरचीच गाडी घासत होता. सुरतेत राहून अशी चूक करायला वेगळी अक्कल लागत नाही, कारण इथे फुकट मिळणारी प्रत्येक चिंधी पॉलिएस्टरचीच असते.

आप्पांनी एक कटपीस गालाला लावून बघितला. म्हणाले, “सेठ, ये औरतों को चुभता नहीं क्या?”

शेठ हसले. आप्पा हसले नव्हते, ते खरंच विचारत होते.

*

म्हणून आमच्याकडे चिंध्या यायच्या त्या खान्देशातून. गावाकडची जुनी सुती लुगडी. वर्षानुवर्षं अंगावर वापरून आणि दगडावर आपटून अशी मऊ झालेली की बाजारात तसं कापड विकत मिळत नाही. आप्पांच्या गावचा जो कोणी सुरतला येई, तो गाठोडं घेऊन येई. सुरतेतल्या मोठ्या लोकांच्या काळ्या गाड्या चमकायच्या त्या आमच्या आयाबायांच्या लुगड्यांवर, हे त्या मोठ्या लोकांना कधी कळलं नाही.

गाठोडं आलं की मात्र आप्पा हातातलं काम बाजूला ठेवायचे. कारण खेड्यात लुगडं सहज टाकत नाहीत. फाटलं तर गोधडीत जातं. सगळीच्या सगळी लुगडी एकदम बाहेर पडली म्हणजे नेसणारीच गेली. आप्पा एकेक घडी उलगडून काठ बघायचे. “ही गंगूकाकू. ही पाटलांची थोरली.” मग थोडा वेळ हातात धरून बसायचे.

मी एकदा म्हटलं, आप्पा, एखादं पत्र तरी मागवत जा.

म्हणाले, “कसाले? गावात कोन ऱ्हायनं नि कोन गयं, ते माले चिंध्याच सांगतस.”

आणि लगेच गंगूकाकूला कंपाउंडची पेस्ट लावून कामाला लागले.

*

पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसच्या मॅनेजरची काळी अॅम्बॅसेडर दर पंधरवड्याला यायची. ती उभी राहायची चिमणीखाली. कोळशाची राख पडायची, वर रंगाच्या वाफेचे थेंब. एकदा तर टपावर गुलाबी ठिपके घेऊन आली. ड्रायव्हर मूळचा आमच्या खान्देशाकडचाच कोणी, सतत खोकायचा.

आप्पांनी दिवसभर बसून ठिपके काढले. आधी साबणाचं पाणी, मग हलकं कंपाउंड, मग वॅक्स. संध्याकाळी टपात ढग दिसायला लागले. ड्रायव्हर बघत राहिला, खोकला, रुमाल तोंडाशी धरला आणि आमच्यापुढे उघडून दाखवला. त्यावरही गुलाबी.

“आप्पा,” तो म्हणाला, “माझ्यावरपण एक हात मारा ना!”

आम्ही हसलो. पुढच्या पंधरवड्याला गाडी दुसऱ्याच ड्रायव्हरनं आणली.

*

हा किस्सा मी सगळ्यांना सांगत नाही.

एका जुन्या गिऱ्हाइकाची काळी गाडी दरवर्षी दिवाळीला आमच्याकडे यायची. एका वर्षी ती मुलानं आणली. वडील वारले होते. गाडी वर्षभर झाकून ठेवलेली. कव्हर काढलं तर डिकीवर पूर्ण पंजा उमटलेला, स्वच्छ.

मुलगा पंज्याजवळ जाऊन उभा राहिला. म्हणाला, “सगळी गाडी चमकवा, पण एवढ्याला हात लावू नका. बापूजींचा हात आहे.”

आप्पा खाली वाकले. मीही वाकलो. चार बोटं पूर्ण आणि करंगळी अर्धी!

गेल्या दिवाळीला आप्पांनीच कंपाउंडचा हात टेकवला असणार, आणि तो तसाच बसला. मी तोंड उघडणार तेवढ्यात आप्पांनी माझा दंड दाबला. मुलगा गेल्यावर हळूच म्हणाले, “ऱ्हाऊ दे भो. त्याले रडाले जागा भेटनी.” त्याला रडायला जागा मिळाली.

पुढे कळलं, दिवाळीला तो मुलगा त्या पंज्याला गंध लावतो, हार घालतो. आप्पा म्हणायचे, जिवंतपणी हार घालून घेणारा सुरतेत मी एकटाच!

*

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळची गोष्ट. एका रात्रीत सुरत रिकामं झालं. नवागाम वस्तीतली आमची खान्देशी माणसं बोचकी घेऊन स्टेशनकडे पळाली. रेल्वेच्या टपावर माणसं. धनसुखभाईंनी शेडची किल्ली आप्पांच्या हातात दिली आणि स्वतः सौराष्ट्रात सासरवाडीला निघून गेले. जाताना म्हणाले, “जा, जा, गामडे जा!” आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून सुट्टी दिली!

आणि आप्पा गेले नाहीत. शेडमध्ये एक काळी गाडी अर्धी झालेली होती. मी म्हटलं, आप्पा, मालक पळाला, गाडीवाला पळाला, तुम्ही कोणासाठी घासताय?

म्हणाले, “रोग लिसन जाऊ का मायजोडे?”

आईकडे रोग घेऊन कसं जायचं! मीही थांबलो. रस्त्यावर माणूस नाही, सगळीकडे जंतुनाशक पावडरचा वास, आणि आप्पा तोंडाला लुगड्याचा तुकडा बांधून गाडी घासतायत. तशी गाडी मी पुन्हा कधी बघितली नाही. सगळे परतले, धनसुखभाई परतले. गाडीभोवती एक फेरी मारली, “वाह!” म्हणाले. आप्पांनी विचारलं, आता जाऊ? तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. दुसरी काळी!

आप्पांनी मग आईसाठी एक नवं लुगडं घेतलं, हिरवं, लाल काठाचं, आणि पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी निघालेल्या एकाच्या हाती पाठवलं. परत आल्यावर त्यानं म्हातारीचा निरोप सांगितला. “लुगडं उनं. आंडोर कवय यी?” लुगडं आलं, मुलगा कधी येणार? त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत.

*

आता शेवटचा. यात मी स्वतः होतो.

पावसाळा संपला होता आणि आमच्या चिंध्याही. काळ्या गाडीला मऊ चिंध्या हव्यात, असा निरोप आप्पांनी गावी धाडलेला होता. एका सकाळी नवागामचा एक लूमवाला गावाहून परतला. त्याला पाळी गाठायची होती, म्हणून शेडच्या दारात गाठोडं टाकून तसाच पळाला. आत काळी कॉन्टेसा उभी, अर्धी झालेली. आप्पांनी हात पुसले आणि गाठ सोडली.

आत एकच लुगडं होतं. हिरवं, लाल काठाचं. कुठेही फाटलेलं नाही, नुसतं धुऊन मऊ झालेलं.

आप्पा खाली बसले. मी म्हटलं, आप्पा, मी नवागामला जातो, त्या माणसाला विचारून येतो. आप्पांनी मान हलवली. “आते काय पुसनं? चांगलं लुगडं चिंधीमा कवय येस, माहीत नही का तुले?”

मला माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. धनसुखभाई बाहेर आले, लुगडं बघितलं, आप्पांकडे बघितलं आणि पहिल्यांदाच गाडीचं नाव काढलं नाही.

तापीच्या घाटावर आप्पांनी डोकं भादरलं, मिशी काढली, बुडी मारली. एवढा मोठा माणूस, पण तसा बघितल्यावर पोरका दिसला. मी त्यांना एकटं सोडलं नाही. भुसावळ पॅसेंजरमध्ये बसलो, दोंडाईच्याला उतरलो, पुढे एसटी. आप्पा वाटभर एकच म्हणत होते, खांदा द्यायला कोण होतं? आग कोणी दिली? मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण मलाही रडू येत होतं.

गावात शिरलो. गल्लीच्या टोकाला घर. दार उघडं. आणि ओट्यावर म्हातारी बसलेली, सुपात बाजरी पाखडत! अंगावर ठिगळांचं लुगडं, आणि ठिगळांवर आणखी ठिगळं.

आप्पा जागीच थिजले, तोंडातून फक्त ‘माय’ एवढंच निघालं. म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसत होतं. तिनं आवाजावरून ओळखलं, जवळ बोलावलं, डोक्यावरून हात फिरवला. हात थबकला. पुन्हा फिरवला.

“कोन मरनं रे सुका?”

आप्पांनी तिच्या मांडीत तोंड खुपसलं आणि लहान मुलासारखे हमसून रडायला लागले. शेवटी मीच सांगितलं, गाठोडं, लुगडं, सगळं.

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. “दुसरं जुनं काहीच नव्हतं ना घरमा. म्हनीसन तेच धुई धुई मऊ करं नि धाडं. काळी गाडीले मऊ लागस ना?”

मी मान डोलावली. आप्पांचं रडणं थांबत नव्हतं. मी त्यांना उठवायला गेलो, तर म्हातारीनं मला हातानं अडवलं आणि त्या भादरलेल्या डोक्यावर थोपटत राहिली.

“रडू दे त्याले. रडी ले रे बाप, आतेच पोटभर रडी ले. मी मरसू तवय तुना दारमा काळी गाडी उभी ऱ्हाई.”