कुंदाताईंसाठी घेतलेला सोफा

सोसायटीत कुणाला पंखा घ्यायचा असो की पातेलं, मला हमखास सोबत नेतात. शुभाला वस्तूतलं कळतं म्हणे. तर आज एकदाच सगळं सांगून टाकते, म्हणजे पुन्हा कुणी माझ्या दारात येणार नाही. चहाचे कप मात्र आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना माझ्या धाकट्या बहिणीला असा ठसका लागला की तिची पाठ चोळायची वेळ आली.

आमचं घर कर्जतला, भिसेगावात. एक हॉल, एक बेडरूम, आणि स्वयंपाकघर एवढंसं, की दोघी आत शिरल्या तर एकीनं ओट्यावर बसायचं. राहतो आम्ही नवराबायको दोघंच. पण घर कर्जतला ना! कर्जतला घर असलं की आपल्याला नातेवाईक किती आहेत ते कळतं. कुणाला धबधबा बघायचा असतो, कुणाला थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी खायची असते, कुणाला नुसतीच 'मोकळी हवा' हवी असते. ती हवा खाऊन झाली की जेवणही लागतं.

या सगळ्यांत पहिला नंबर माझ्या नणंदेचा. कुंदाताई, ह्यांची मोठी बहीण, डोंबिवलीची. शनिवारी संध्याकाळी ताई आणि भावोजी दारात हजर. माणसं वाईट नाहीत हो. मोठमोठ्यानं हसतात, पोटभर जेवतात, येताना पिशवीभर खाऊ आणतात. पण माझ्या रविवारचं काय?

मी आठवडाभर खालापूरला एका कारखान्याच्या ऑफिसात कीबोर्ड बडवते. सुट्टीचा वार एकच. त्या दिवशी मला काय हवं असतं? सकाळी मनसोक्त लोळायचं, डोक्याला छान तेल चोळून घ्यायचं आणि दुपारी मऊ भात, मेतकूट, तूप. एवढंच. त्याऐवजी मी उजाडल्यापासून तांदळाच्या भाकऱ्या थापत असायचे, कारण ताईंना माहेरी आलं की भाकरीच लागते. आणि भावोजी हॉलच्या मधोमध गादी टाकून असे पसरलेले असायचे की कपडे वाळत घालायला गॅलरीत जायची पंचाईत. जावयाला ओलांडावं तरी पाप आणि न ओलांडावं तर बादलीतले कपडे तसेच.

त्यात आमची जुनी सेटी मोडली. कोण बसलं होतं ते मी सांगत नाही, पण भावोजी त्या दिवशी चहा न घेताच उठले.

हे म्हणाले, "आता सोफा कम बेडच घेऊ. आपल्याला रोज बसायला होईल आणि ताई आली की झोपायला. फक्त आरामाचा बघ हां शुभा. ताईला मऊ लागतं."

ताईंना मऊ लागतं हे मला माहीत होतं. त्यांच्याकडे पाहुण्यांसाठी कापसाची अशी गुबगुबीत गादी आहे की तिच्यावर मी स्वतः चहा थंड होईपर्यंत झोपलेली आहे. पण ह्यांचं ते वाक्य ऐकलं आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. ताईंना मऊ लागतं. मग कडक मिळालं तर? झोप नाही, पाठ आखडलेली. एक-दोन शनिवार कसेबसे काढतील, मग हळूच फोन येईल, 'अगं शुभा, या वेळी काही जमत नाही बघ.' रोज बसणार मी, झोपणार त्या. इतका साधा हिशेब! मला माझंच कौतुक वाटलं.

कर्जतच्या बाजारात नानाशेठचं फर्निचरचं दुकान आहे. शुक्रवारी संध्याकाळी हे मला दारात उतरवून स्कूटर लावायला गेले. आपल्या बाजारात स्कूटरला जागा मिळेपर्यंत माणूस लग्न ठरवून येईल, त्यामुळे मला भरपूर वेळ होता.

"या वहिनी. काय दाखवू?"

"सोफा कम बेड. रोजच्या वापराला आणि पाहुण्यांना."

"मग हा घ्या. बसून बघा. याच्यावरनं माणूस उठत नाही."

मी बसले. खरंच उठवेना. म्हटलं, "हा नको."

"मग हा बघा. नुसता ओढायचा की पलंग तयार. आमच्या सासूबाई याच्यावर झोपतात. चार दिवसांसाठी आल्या होत्या, अजून आहेत."

"हा तर अजिबात नको."

शेठ बिचारे गोंधळले. एकापेक्षा एक आरामाचे सोफे दाखवत सुटले आणि मी एकेकावर आडवी होऊन नाक मुरडत राहिले. शेवटी कोपऱ्यात, उशांच्या ढिगाखाली, मला तो दिसला. तपकिरी रंगाचा. बसायला बरा होता. उघडून आडवी झाले आणि मधली लोखंडी दांडी बरोबर कमरेत लागली. वर स्पंज होता, पण नावाला. कूस बदलली तर दांडी बरगडीत. पालथी झोपले तर विचारूच नका.

"हा द्या," मी म्हणाले.

शेठनी आवाज खाली आणला. "वहिनी, तो मी मुद्दाम कोपऱ्यात ठेवलाय. गिऱ्हाईक नेतं आणि परत आणतं. याच्यावर मी माझ्या साडूलासुद्धा झोपवणार नाही."

"पॅक करा."

तेवढ्यात हे आले. मोठ्या उत्साहानं त्याच्यावर आडवे झाले आणि तितक्याच वेगानं कंबर धरून उठले. "शुभा, हा? यावर ताई कशी झोपेल?"

हे माझ्याकडे बघतायत, शेठ माझ्याकडे बघतायत. काहीतरी बोलणं भाग होतं. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "माझ्या कमरेचं दुखणं आहे ना. डॉक्टर म्हणाले, कडकच घ्या."

ह्यांचा चेहरा एवढुसा झाला. "कधीपासून?"

"झाले काही महिने."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्हाला कशाला त्रास," मी म्हणाले. आता बघा, एवढ्यावर थांबायचं ना? नाही. मी वर एक उसासाही टाकला.

हे सरळ दुकानाबाहेर गेले आणि बहिणीला फोन लावला. इकडे शेठनी टेंपोवाल्याला बजावलं, "सांभाळून ने रे, पेशंटचा सोफा आहे." टेंपोवाला निघाला कडावचा. कडावला आमच्या ह्यांच्या काकी राहतात. सोफा भिसेगावात पोचायच्या आधी माझी कंबर कडावला पोचली होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी ऑफिसला निघणार तेवढ्यात काकी रिक्षातून उतरल्या, काखेत निर्गुडीच्या पाल्याचं गाठोडं.

"आगं शुभे, कंबर धरलीय न कुनाला सांगत नाय? आमी काय परके हाय?"

"काकी, एवढं काही नाही हो."

"एवढं काय नाय म्हंतेस न पेशंटचा सोफा आनतेस? गप पड. पाला शेकते."

संध्याकाळी कुंदाताई आणि भावोजी आले. नेहमीची एक पिशवी असते, आज दोन मोठ्या बॅगा. ताईंनी दारातच मला मिठी मारली. "मी रजा टाकलीय. तू ठणठणीत होईपर्यंत इथून हलणार नाही. उठायचं नाहीस, वाकायचं नाहीस, स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाहीस."

मी जिला पळवायला सोफा आणला होता, ती रजा काढून राहायला आली होती!

बरं, झोपायची व्यवस्था कशी? मला वाटलं, निदान ताई-भावोजी सोफ्यावर झोपतील आणि माझ्या कष्टाचं थोडं तरी चीज होईल. तर ताई म्हणाल्या, "छे छे, सोफा शुभाचा. तिला कडकच लागतं. आम्ही दोघी आत पलंगावर झोपतो." आम्ही दोघी म्हणजे त्या आणि काकी. ह्यांनी आणि भावोजींनी जमिनीवर जाड गाद्या टाकल्या. घरात सगळ्यांच्या अंगाखाली कापूस, एका माझ्या अंगाखाली दांडी.

सकाळी उठायला गेले आणि उठताच येईना. कंबर खरोखरच धरली. मी "आई गं" म्हटलं तशी सगळी धावली. काकी म्हणाल्या, "बघा. किती दिस सोसत हुती बिचारी."

"काकी, मी आज आत झोपते ना. मऊवर बरं वाटेल."

"डाक्टर कोन, तू का तो? काय नाय मऊ-बिऊ."

पण खरं सांगू? तो रविवार मी विसरणार नाही. मला कुणी उठूच दिलं नाही. मनसोक्त लोळले. भावोजींनी, हो, भावोजींनी कपडे वाळत घातले. ताईंनी माझं डोकं मांडीवर घेऊन तेल चोळून दिलं. दुपारी पेशंटला हलकं हवं म्हणून ताटात काय आलं असेल? मऊ भात, मेतकूट आणि तूप. मला हवा तसाच्या तसा रविवार माझ्याकडे चालत आला होता, आणि आणला कुणी, तर ज्यांना टाळायला मी जिवाचं रान केलं त्यांनीच.

तेल लावता लावता ताई म्हणाल्या, "मला उगाच वाटायचं गं, आम्ही येतो त्याचा तुला कंटाळा येत असेल. आणि तू कंबर दुखत असताना आमच्यासाठी भाकऱ्या थापत होतीस. अशी भावजय नशिबानं मिळते."

मला इतकी लाज वाटली की रडूच आलं. ताईंना वाटलं, कळ आली. त्यांनी आणखी तेल ओतलं.

आता खरं सांगून टाकायचं, असं मी दर सकाळी ठरवायचे. पण काकी पाला घेऊन उभ्या, हे ऑफिसातून दर तासाला फोन करतायत, वरच्या मजल्यावरच्या वहिनी शिरा घेऊन आलेल्या. कुठल्या तोंडानं सांगणार? शेवटी मी ठरवलं, बरं व्हायचं. एका सकाळी दात-ओठ खाऊन उभी राहिले, सगळ्यांसमोर वाकले, पायाचे अंगठे धरले. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण चेहरा हसरा ठेवला.

घरात नुसता आनंद. काकी म्हणाल्या, पाल्याचा गुण. हे म्हणाले, विश्रांतीचा. ताई मात्र सोफ्यावर थाप मारून म्हणाल्या, "नाही हं. ही या सोफ्याची करामत. खरं ना शुभा?"

आता माझा पहिला खोटेपणा पचायचा तर दुसरं काय म्हणणार? "हो ताई," मी म्हणाले, "सोफ्यानंच बरं वाटलं."

ताई परत गेल्या. घर इतकं सुनं वाटलं, की शनिवारी संध्याकाळी मीच गॅलरीतून रस्त्याकडे बघत होते. ते बघून हे हसले.

पुढे भाऊबीज आली. ताईंनी आग्रह केला, चार दिवस राहायलाच या. मी तर एका पायावर तयार. म्हटलं, आता आपण पाहुणे. आता ती गुबगुबीत गादी, आणि हाक मारली तरी उठायचं नाही. कमरेलाही तेवढाच आराम, कारण ती अधूनमधून खरीच दुखायला लागली होती.

ओवाळणं झालं, जेवणं झाली. ताई म्हणाल्या, "शुभा, डोळे मीट." मला हॉलमध्ये नेऊन उभं केलं. "आता उघड."

समोर सोफा. तपकिरी.

"तुझ्यासाठी खास कर्जतहून मागवला. तो शेठ देतच नव्हता गं. म्हणाला, बाई, मला उगाच पाप लागेल. मी म्हटलं, आमच्या शुभाची कंबर बरी झालीय याच्यावर. तेव्हा कुठे त्यानं गोदामातून दुसरा काढला. आता तू कधीही ये, कितीही दिवस राहा."

"आणि ती कापसाची गादी?" मी हळूच विचारलं.

"ती तुला चालत नाही ना. ती दादूला घातलीय आत." दादू म्हणजे आमचे हे. आतून घोरण्याचा आवाजही यायला लागला होता.

ताईंनी स्वतः चादर घातली, स्वतः उशी ठेवली. इतक्या प्रेमानं माझ्यासाठी आजवर कुणी अंथरूण घातलं नसेल. मी आडवी झाले. दांडी आपल्या जागेवर होती.

ताई उशाशी बसून कौतुकानं म्हणाल्या, "कसं वाटतंय गं?"

मी म्हणाले, "अगदी घरच्यासारखं, ताई."