कविताची मॅच पाहायला पप्पा आले

मंडळी, मॅच बघून आत्ताच सुरतजवळ उधन्याला घरी पोचलेय, पण मन अजून त्या हॉलमध्येच आहे.

माझी धाकटी बहीण कविता जन्मापासून कर्णबधिर. ती बास्केटबॉल खेळते, हे पप्पांना कधीच पटलं नाही. "पोरले शिटी ऐकू येत नही, कोन्ही धडकनं तर?" आज मी त्यांना हट्टाने नेलं. "एकदा बघा, मग बंद करायचं तर करा."

सगळ्या मुली कर्णबधिर. रेफरी शिट्टीबरोबर हातही हलवायचा. मुली नजरेनेच बोलत होत्या. चेंडूची ठपठप, बुटांची करकर, बाकी शांतता. खिडकीतून आलेल्या उन्हात कविता तरंगल्यासारखी पळत होती.

मध्येच ती जोरात आपटली. पप्पा ताडकन उठले. पण समोरच्या टीममधल्या मुलीने तिला हात देऊन उभं केलं, आणि थोड्याच वेळात कविताने बास्केट केली. प्रेक्षकांनी टाळ्यांऐवजी हात उंच करून हलवले. पप्पांनीही! डोळे भरलेले.

मॅच हरलो. पप्पांना खुणांची भाषा येत नाही. बाहेर आल्यावर त्यांनी कवितासमोर हवेतच चेंडू टाकून दाखवला आणि भुवया उंचावल्या. म्हणजे, पुढची मॅच कधी?

कविताने त्यांना घट्ट मिठी मारली.

तुमच्या घरच्या मोठ्यांना असं बदलताना तुम्ही पाहिलंय का?