मध्याचे दोन रिकामे रकाने

मध्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगाव जामोदच्या स्टँडवर खामगावच्या गाडीची वाट बघत उभा होतो. "भाऊजी, हे गेले," वहिनी एवढंच म्हणाल्या. खरं सांगतो, मला आधी रडू आलं नाही, राग आला. प्रबंध अर्धवट टाकून हा माणूस निघून गेला, आणि तो अडला होता कशापायी, तर एका तक्त्यातल्या दोन रिकाम्या रकान्यांपायी.

मध्या, म्हणजे मधुकर, माझ्याच कॉलेजात, माझ्याच विभागात भौतिकशास्त्र शिकवायचा. पीएच.डी. नाही म्हणून प्रमोशन अडलेलं. त्याचा विषय होता एक विचित्र रबर. त्यात डिजिटल घड्याळाच्या पडद्यात असतात तसले द्रवस्फटिकाचे रेणू गुंफलेले असतात. थंड असताना ते एका दिशेने रांगेत उभे राहतात, तापवलं की रांग मोडते आणि पट्टी चटकन आखडते. पट्टीला वजन टांगून ताण दिला तर रांग मोडायचं तापमान किती सरकतं, एवढंच त्याला मोजायचं होतं. नखाएवढ्या पट्ट्या पुण्याच्या मार्गदर्शकांनी दिल्या, भट्टी त्याने इथेच जुन्या काचपेटीत बल्ब बसवून केली. तापमान हळूहळू चढवायचं आणि मायक्रोस्कोपमधून लांबी बघायची. मध्येच लाइन गेली की दिवस वाया, कारण ते रबर आधीचा ताण विसरत नाही, सगळं पुन्हा पहिल्यापासून. उन्हाळ्यात तर लाइन रोज जायची. मी शिव्या घालायचो, तो पट्टी कापसात ठेवून चहाला चल म्हणायचा.

हलक्या वजनांचे आकडे छान आले. वजन वाढेल तसं तापमान वर सरकत होतं. पण शेवटच्या दोन जड वजनांना पट्टी चटकन आखडेचना, नुसती सावकाश आखडत राहायची. त्याने ते दोन रकाने कोरे ठेवले. मार्गदर्शक म्हणाले, परीक्षक हे खपवून घेणार नाहीत, आकडा घाला. मग मीही त्याच्या मागे लागलो.

"अबे, मधलं तापमान लिहून टाक न. कोण पाह्यते?"

"मधलं म्हंजे कायच्या मधलं? कुठं सुरू झालं, कुठं संपलं, दाखव मले. मंग लिहितो."

"तुले प्रमोशन पाह्यजे का नाई?"

"पाह्यजे न. पण जे झालंच नाई त्याचं तापमान काऊन लिहू? डोकं नको खाऊ बे."

पालथ्या घड्यावर पाणी. नऊ वर्षं हेच. शेवटी तो आजारी पडला, दवाखान्यात भेटायला गेलो, तर तिथेही मी तेच काढलं. तुझ्या हट्टापायी वहिनींची ओढाताण झाली, असं बोलून बसलो. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला… ती आमची शेवटची भेट. त्याची लाज मला अजून वाटते.

तेराव्यानंतर मार्गदर्शकांचा फोन आला. मधुकरच्या नावाने एका नियतकालिकाला शोधनिबंध पाठवतो म्हणाले, फक्त ते दोन आकडे तुम्ही काढून द्या. मला बरंच वाटलं. सुटीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडली, सगळ्यात जड वजन टांगलं आणि सकाळी नऊला त्याच्या लोखंडी स्टुलावर बसलो. नेमकी त्या दिवशी लाइन गेली नाही. आता आखडेल, आता आखडेल म्हणत संध्याकाळचे पाच वाजले. पट्टी पूर्ण आखडली होती, आणि ती कधी आखडली हे मला सांगता येत नव्हतं. नऊ वर्षं मी त्याच्याशी भांडलो, पण एकदाही असा पूर्ण दिवस मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो नव्हतो.

तिथूनच मार्गदर्शकांना फोन लावला. म्हटलं, सर, रकाने कोरेच जातील, निबंध नाही छापला तरी चालेल. ते नाराज झाले. फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो. गड्या, तुझं बराबर होतं, एवढंच मला त्याला सांगायचं होतं… आणि ते ऐकायला हा माणूस थांबला नाही, याचा राग काही केल्या जात नाही.