वहीतला बारावा आकडा

नमस्कार. या ग्रुपवरचे न उलगडलेले अनुभव मी वर्षभर नुसती वाचत आलेय, आणि खरं सांगते, बहुतेकांवर मनातल्या मनात शंकाच घेतली आहे. मी कॉम्प्युटरची विद्यार्थिनी. एखादी गोष्ट का झाली ते कुठल्या तरी लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरने ठेवलेल्या नोंदींमध्ये, सापडतंच, असं मला शिकवलंय आणि ते मला पटतंही. म्हणून हे लिहिताना संकोच वाटतोय… पण लिहिते.

मी परदेशात, किचनर या शहरात शिकते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई जतजवळच्या आमच्या गावात ब्लाउज शिवते. जानेवारीत मला एका लहान कंपनीत को-ऑप मिळाली, म्हणजे अभ्यासाचाच भाग असलेली नोकरी. त्यात नापास झाले की टर्म वाया, आणि पुढचं सगळंच अवघड.

या कंपनीचा एक जुना प्रोग्राम वृद्ध लोकांना घरपोच जेवण देणाऱ्या व्हॅन्सचे रस्ते ठरवतो. तो ज्या भाषेत लिहिलाय त्या पायथनच्या जुन्या आवृत्तीवरून नव्यावर न्यायचं काम माझ्याकडे होतं. असा प्रोग्राम दुसऱ्यांनी लिहिलेली बरीच पॅकेजेस वापरतो – एक तारखांसाठी, एक नकाशासाठी, असं. प्रत्येकाचं ठरावीक व्हर्जन, म्हणजे २.३.१ असा आकडा असलेली आवृत्ती, लागतं. एक बदललं की दुसरं अडतं. म्हणून आधी चालू व्हर्जन्सची यादी काढून ठेवायची, मगच हात लावायचा. माझी सुपरवायझर शेरॉन हे मला दोनदा बजावून गेली होती.

मार्चमधला रविवार. सकाळी बेसमेंटमधल्या माझ्या खोलीतून मी ऑफिसच्या मशीनवर लॉगिन केलं. आईचा फोन स्पीकरवर होता. आमचं असंच असतं, ती तिकडे मशीन चालवते, मी इकडे काम करते, मधूनच दोघी बोलतो. अकरा पॅकेजेस होती. एकेकाचं व्हर्जन मोठ्याने वाचत, ते नव्या पायथनवर चालेल का ते बघत गेले. बघून झालं आणि स्क्रीनवरची ती खिडकी बंद केली. यादी सेव्ह केली नाही! अकराच तर आहेत, असं वाटलं बहुतेक.

सोमवारी सकाळी ऑफिसात जुनं पायथन काढून नवं टाकलं. प्रोग्राम सुरूच होईना. परत जुनं टाकलं, तरी नाही, कारण पॅकेजेस आता नवी आली होती आणि जुने आकडे कुठेच नव्हते. बॅकअप होता, पण फक्त पत्त्यांचा. साडेनऊ वाजले होते. अकराला व्हॅन्स निघणार. शेरॉनला सांगायला हवं होतं, पण मी खुर्चीतून उठलेच नाही.

तेवढ्यात आईचा फोन.

"आई, नंतर बोलते गं."

"आवाज का असा? रडतीस काय?"

तिला पॅकेज काय सांगणार? म्हटलं, "माप न घेता कापड कापलं मी."

"आणि मापाचा ब्लाउज?"

"तोही परत देऊन टाकला."

"शाणीच हैस!" ती चक्क हसली. "मग काल वहीचा फोटो धाडला त्यो बघ की. आकडं बोलत हुतीस, मला वाटलं लागतील पोरीला. लिवलं. उघडला न्हाईस न्हवं?"

नव्हता उघडला. आईचे फोटो मी बऱ्याचदा तसेच ठेवते. हे लिहिताना लाज वाटते.

फोटोत तिची मापांची वही होती. वर कुणाच्या तरी साखरपुड्याच्या ब्लाउजची मापं, खाली मराठी आकड्यांत माझी व्हर्जन्स, वाचली त्याच क्रमाने. एकेक टाकत गेले. अकरा झाली आणि प्रोग्राम पुढे सरकला… आणि थांबला. मी कधीच न पाहिलेल्या एका पॅकेजचं नाव स्क्रीनवर आलं, "हे सापडत नाही" म्हणून. ते पत्त्यातला अपार्टमेंट नंबर ओळखण्यासाठी होतं. कुणीतरी पूर्वी त्याचा फोल्डर हाताने पायथनच्या आत कॉपी केला होता, त्यामुळे रविवारच्या यादीत ते आलंच नव्हतं. जुनं साफ करताना मीच तो उडवला होता.

त्याचं सगळ्यात नवं व्हर्जन टाकून पाहिलं. अपार्टमेंट नंबरच गळून पडले. मग परत फोटोकडे नजर गेली. अकरा आकड्यांखाली थोडी जागा सोडून बारावा होता, खाली रेघ ओढलेला. आई गळ्याचं माप असंच शेवटी लिहिते. ०-४-७.

टाकलं. सगळे पत्ते बरोबर आले. अकराला दहा मिनिटं कमी असताना व्हॅन्सच्या याद्या छापून झाल्या.

मग मी शेरॉनला सगळं सांगितलं, बारावा आकडा सोडून. "आता पुन्हा विसरणार नाहीस," एवढंच ती म्हणाली. महिनाभराने अपग्रेडही नीट पार पडलं आणि मी पास झाले.

त्याच सोमवारी रात्री आईला विचारलं, "तो शेवटचा आकडा कुठला गं?"

"तूच बोललीस की."

"नाही बोलले. मला त्याचं नावही माहीत नव्हतं."

"मग कुणाचं माप असंल."

"शून्याचं?"

"न्हाई, शून्याचं माप नसतंय बाई." आणि मग जेवलीस का, बर्फ आहे का अजून, यावर गेली.

फोटो रविवारचा आहे. वेळ मी कितीदा तपासली. योगायोग असेल, असंही स्वतःला सांगून पाहिलं. तीनच तर आकडे! पण बरोबर त्या अकरांखाली, आदल्याच दिवशी… तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा.

आईचे फोटो आता आले की लगेच उघडते. आणि एक गोष्ट राहिलीय. आमच्या ऑफिसात नियम आहे, एखादं व्हर्जन पक्कं केलं की तेच का, ते यादीतल्या त्या ओळीपुढे लिहायचं. नव्या पायथनवरही ते पॅकेज ०.४.७ लाच चालतं. शेरॉनने दोनदा विचारलं, याचं कारण लिहिलं नाहीस का?

लिहिते, म्हटलं. जागा अजून रिकामीच आहे.