मावसाजी विरुद्ध आमचा पेपर

बुऱ्हाणपुरातली वर्तमानपत्रं बुडवायला एकटा माणूस पुरेसा आहे आणि तो माणूस म्हणजे आपण, याविषयी माझ्या मावसाजींना तिळमात्र शंका नव्हती. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, आणि त्याच सुमारास मुलीने घरी कॉम्प्युटर आणून ब्लॉग कसा लिहायचा ते त्यांना दाखवलं. झालं, त्यांच्या लोधीपुरा मोहल्ल्यात एक संपादक जन्माला आला. लिहायला बसण्यापूर्वी ते दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत. "अहो, तिथं तुम्हाला कोण बघतंय?" मावशी विचारायची. "वाचक येतात," ते गंभीरपणे सांगत. टायपिंग एका बोटाने चाले. पण त्या एका बोटाने त्यांनी आमदार, खासदार, महापालिका, कुणालाच सोडलं नाही. मराठीत सुरू झालेलं वाक्य राग चढला की हिंदीत शिरे आणि 'जनता सब जानती है' म्हणून संपे. लग्नात नवरा-नवरीला आशीर्वाद देतानाही ते ब्लॉगचा पत्ता सांगत. एकदा अमेरिकेतून कुणीतरी ब्लॉग उघडल्याचं कॉम्प्युटरने दाखवलं, तेव्हा त्यांनी गल्लीत मावा जिलेबी वाटली. तो वाचक म्हणजे शेजाऱ्यांचा जावई होता आणि चुकून आला होता, हे मावशीला ठाऊक होतं. पण जिलेबी तिनेही खाल्ली.

पंचाईत एवढीच, की मी एका हिंदी पेपरच्या इथल्या ऑफिसात उपसंपादक होतो. रविवारी जेवायला गेलो की दारातच स्वागत व्हायचं, "या, शिळी पोळी आली! तुमची खबर रात्री भाजायची, सकाळी वाढायची. माझी कशी, तव्यावरून थेट ताटात." मी म्हणायचो, "मावसाजी, आमच्याकडे बातमी तपासायला माणसं असतात." "आणि छापायला सरकारी प्रेसनोट!" हा टोला मात्र वर्मी बसायचा.

एका उन्हाळ्यात तापीकाठी मोठी आंधी आली आणि उभ्या केळीच्या बागा आडव्या झाल्या. नुकसानीचे पंचनामे पूर्ण झाले, अशी बातमी आमच्या पेपरात पहिल्या पानावर आली. मावसाजींनी ती वाचली, स्कूटर काढली आणि भर उन्हात बहादरपूरच्या पलीकडच्या एका खेड्यात गेले. बागांमधून हिंडले, चार घरी पाणी प्याले. संध्याकाळी ब्लॉगवर फोटोंसकट लिहिलं, 'पंचनामा झालाच नाही. पटवारी तोंड लपवून बसला आहे.' पटवारी म्हणजे आमच्याकडचा तलाठी. दुसऱ्या दिवशी त्या मजकुराच्या छापील प्रती केळीच्या मंडीत हातोहात फिरल्या. "कोण आहे हा मास्तर?" आमचे संपादक कडाडले. मी चहाच्या कपात तोंड घातलं.

पण दोन दिवसांनी मावसाजींच्या दारात त्या पटवाऱ्याची बायको येऊन उभी राहिली. मी तिथेच होतो. "काकाजी," ती म्हणाली, "हे आंधीच्या आधीपासून पलंगावर पडून आहेत. पाय प्लास्टरमध्ये आहे. दुसरा माणूस पाठवा म्हणून वर सांगितलं होतं, कुणी पाठवला नाही. आता मुली शाळेत जायला नाही म्हणतात. बाप तोंड लपवतो म्हणून पोरं चिडवतात."

मावसाजींचा चेहरा उतरला. ते तसेच तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. परत आले, दाढी केली, शर्ट बदलला आणि ब्लॉगच्या अगदी वर, ठळक अक्षरात लिहिलं, 'पंचनामा झालेला नाही, हे खरं. पटवाऱ्याबद्दल लिहिलं ते खोटं. न विचारता लिहिलं. मी चुकलो.'

"एवढं मोठं कशाला लिहायचं?" मावशी म्हणाली.

"शिवी चौकात दिली आणि माफी माजघरात मागू?"

दुसऱ्या दिवशी ते आमच्या ऑफिसचा जिना चढून थेट संपादकांपुढे उभे राहिले. "माझी चूक मी छापली. आता तुमची पाळी." संपादकांनी बातमीदाराला हाक मारून त्या खेड्यात पाठवलं, आणि माझ्या नोकरीत पहिल्यांदाच आमच्या पेपरची चूक पहिल्या पानावर कबूल झाली. त्याच आठवड्यात नवा पटवारी आला आणि बागांचे पंचनामे सुरू झाले. त्या दिवशी जिना उतरताना मावसाजी मला एवढंच म्हणाले, "तुमचा साहेब माणूस बरा आहे रे. पण पेपर बुडवणार मी!"

पेपर काही बुडाला नाही. बुडाला तो ब्लॉग. सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, बातम्या ज्याच्या त्याच्या खिशातून येऊ लागल्या, लिहिणाऱ्याचं नावही त्यावर नसे. मावसाजी आता थकलेत. संध्याकाळी राजघाटावर तापीकडे बघत बसतात. परवा मी सोबत होतो, तेव्हा एक ओळखीचे गृहस्थ मोबाईल पुढे करत आले. "मास्तरसाहेब, खकनार गावाकडे फार गडबड झाली म्हणतात. खरं आहे का हो?"

मावसाजींनी डोळे बारीक करून वाचलं, फोन परत दिला. "जाऊन बघावं लागेल," ते म्हणाले आणि सवयीने उठू लागले. गुडघ्यांनी साथ दिली नाही. पुन्हा खाली बसत, माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं,

"तू येतोस जाऊन?"